ड्रायव्हरकाकांची जीभ

उन्हाळा तापला, शाळांना सुट्ट्या लागल्या की त्या इमारतीतली माणसं एका रविवारी संध्याकाळी खाली अंगणात खुर्च्या टाकून बसायची. कारण काही नाही. घरात पंख्याचा वारासुद्धा गरम यायचा, एवढंच कारण. कुणी सतरंजी आणायचं, कुणी काकड्या चिरून आणायचं, आणि पहिल्या मजल्यावरच्या शिवणवालीकडून यायचं कलिंगडाचं सरबत. सरबत येईपर्यंत माणसं नुसती घाम पुसायची आणि जिन्याकडे बघायची.

सरबत करायची शिवणवाली, आणि नाव व्हायचं तिच्या नवऱ्याचं. हा कुठला न्याय, असं तुम्ही म्हणाल. तीही तेच म्हणायची, आणि चांगली तावातावाने म्हणायची. पण त्याला कारण होतं. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त झालेला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने ढवळता ढवळता इतक्यांदा चाखलं, की तिची जीभ पार बधिर झाली आणि सरबताचा पाक झाला. तेव्हा ड्रायव्हरने तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि फर्मान सोडलं, "आजपासून हात तुझा, जीभ माझी. करणाऱ्याने चाखायचं नाही." ते जे सुरू झालं ते कायमचं. त्याने चाखल्याशिवाय त्या घरात कुठलंही भांडं गॅसवरून उतरलं नाही. आणि चाखणं म्हणजे काय, साधं नाही! डोळे मिटायचा, टाळूला जीभ लावायचा, आणि हिला वाटायचं, आता निकाल लागतोय. "जिरं जळलंय." "आज मन कुठे होतं तुझं?" एकदा तर म्हणाला, "कांदा रागात चिरलायस." आणि खरंच रागात चिरला होता. ती पाय आपटत आत जायची, पण पुढच्या वेळी तो पदार्थ असा काही जमायचा की विचारू नका.

मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हरच्या घशात गाठ निघाली. मग मोठ्या दवाखान्याच्या चकरा, गळ्याला लाईट म्हणजे रेडिएशन देणं, सगळं यथासांग झालं. गाठ गेली, पण जाताना चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू परत, धीर धरा. धीर धरायचा कुणी? शिवणवालीने शिलाईची कामं बाजूला सारली आणि स्वयंपाकाला जुंपून घेतलं. ताट वाढायची, समोर बसायची, आणि हनुवटीला हात लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. "लागतंय का काही?" तो मान हलवायचा. मग ती ओट्याशी जाऊन नळ मोठा सोडायची, म्हणजे रडलेलं बाहेर ऐकू जाऊ नये.

आणि एके दिवशी दुपारी तो म्हणाला, "अगं, आज लिंबू लागलं."

झालं! बाई तशीच अनवाणी धावत सुटली. वरच्या नर्सबाईंना सांगितलं, खालच्या पोस्टमनला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं, तो बिचारा गॅसचा सिलिंडर घेऊन आला होता. त्या दिवसापासून ड्रायव्हर ताट चाटून पुसून स्वच्छ करायला लागला. खोड म्हणून काढेना. जे वाढेल ते "छान झालंय" म्हणून खायचा. शिवणवालीला वाटलं, आजारपणाने माणूस सुधारला. देवाने एक दिलं ते दिलं, वर दुसरंही दिलं.

तर यंदाची बैठक म्हणजे तिच्या दृष्टीने साधी बैठक नव्हती. ड्रायव्हरकाका परत आले, त्यांची जीभ परत आली, हे सगळ्या इमारतीने डोळ्यांनी बघावं, एवढी एकच तिची इच्छा होती. आठवडाभर ती कलिंगडवाल्याचं डोकं खात होती. हे नको, ते नको, याचं देठ हिरवं आहे, ते वाजत नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्हीच दुकान सांभाळा, मी घरी जातो."

रविवारी जेवणं उरकली तशी ती कामाला लागली. तिची पद्धत अशी, की लिंबं पिळायची नाहीत. सालासकट पातळ चकत्या करायच्या, त्यावर साखर घालायची आणि हाताने चोळत बसायचं. सालीचा सुगंध साखरेत उतरला पाहिजे. पण उतरला रे उतरला की चकत्या लगेच बाहेर. जास्त वेळ राहिल्या की साल कडूपणा सोडते, मग कुणाचा बाप आला तरी तो निघत नाही. चकत्या काढल्या की कलिंगडाचा गर मलमलच्या फडक्यातून गाळून घालायचा आणि सगळ्यात शेवटी पुदिना. तोही वाटायचा नाही, दोन तळहातांत टाळी दिल्यासारखा चेपून तसाच सोडायचा.

चकत्या चोळून झाल्या आणि तिला त्याचा शर्ट आठवला. निळा, बैठकीला घालायचा ठेवणीतला. तिने हाक मारली, "अहो, घालून बघा बरं एकदा." त्याने घातला आणि तिला धस्स झालं. खांदे खाली लोंबत होते, कॉलरमध्ये अजून एक मान बसली असती.

"जेवता तर सगळं," ती म्हणाली, "मग जातं कुठे?"

"पायांत जात असेल," ड्रायव्हर म्हणाला.

"हसू नका. काढा तो. असं बुजगावणं करून खाली पाठवू का तुम्हाला?" आणि ती मशीनवर बसली. दोन्ही बाजू उसवल्या, आत घेतल्या, खांदे उचलले, बाह्या पुन्हा जोडल्या. मशीनवर बसली की ती जगाला विसरायची. आतल्या पातेल्यात लिंबाच्या चकत्या साखरेत पडून राहिल्या, आणि उन्हं खिडकीवरून सरकून भिंतीवर गेली तरी तिच्या लक्षात आलं नाही. शर्टाला शेवटचं बटण लावलं तेव्हा ती जीभ चावून उठली. पण घाईत असं वाटलं, एवढं काही झालं नसेल. आणि झालं असेलच, तर चाखणारा आहे की घरात! तो सांगेल. मग नव्याने करू, कलिंगड काही पळून जात नाही. स्वतः बोट बुडवून बघावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. इतक्या वर्षांत तशी सवयच राहिली नव्हती.

सगळं एकत्र करून तिने डाव त्याच्यापुढे धरला. ड्रायव्हरने डोळे मिटले. टाळूला जीभ लावली.

"मीठ," तो म्हणाला. "अजून चिमूटभर घाल. बाकी झकास."

मीठ घाल म्हणाला! इतक्या दिवसांनी खोड काढली! ती इतकी हरखली की मीठ घालताना चिमटीत थोडं जास्तच आलं.

खाली नेताना पोस्टमनने पातेल्याला एक हात लावला, दुसरा तिने. ड्रायव्हर निळ्या शर्टात ताठ चालत मागून उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला आणि दरवर्षीसारखा ओरडला, "जमलंय! या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी तर डोळे पुसले. बर्फ फोडला, पेले फिरले, आणि शिवणवाली हातात डाव घेऊन सगळ्यांच्या तोंडांकडे बघत उभी राहिली.

पहिला घोट घेतला आणि बोलणं थांबलं. पोस्टमन, जो एरवी गप्प बसायचे पैसे मागेल, तो पेल्यात बघत राहिला. नर्सबाईंनी घोट तोंडात तसाच धरला, मग डोळे मिटून गिळला आणि म्हणाल्या, "थंडगार आहे हं." कुणीतरी मान डोलावली. ते सगळं इतकं सभ्यपणे चाललं होतं की शिवणवाली एकेकाचं तोंड पुन्हा निरखायला लागली. तेवढ्यात नर्सबाईंच्या धाकट्या पोरीने तोंडातलं सगळं फरशीवर थुंकलं.

"शी! कडू!" ती म्हणाली. "कडू जहर आहे आई!"

"गप," नर्सबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी पोरीकडे पाहिलं आणि मग, नको नको म्हणताना, ड्रायव्हरकडे पाहिलं. तो खुर्चीत टेकून चवीचवीने पीत होता. पेला जवळपास संपला होता. इतक्या नजरा वळलेल्या बघून त्याने पेला खाली घेतला, त्यात बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

शिवणवालीने डाव भरून तोंडाला लावला. कडू! जीभ आत ओढून घेतली तिची. आणि त्या कडवटपणात तिला सगळं एकदम कळलं. लिंबू लागलं म्हणाला ती दुपार. चाटून पुसलेली ताटं. छान झालंय, छान झालंय. तो शर्ट. तिथेच मटकन बसावं आणि मोठ्याने गळा काढावा असं तिला झालं.

पण ती बसली नाही. तिने डाव पातेल्यावर आपटला.

"माझंच मेलीचं डोकं फिरलं!" ती म्हणाली. "यांनी चाखून झकास म्हटलं, तिथेच थांबायचं ना? तर वाया जातील म्हणून लिंबाची सालं वरून पिळत बसले. फुकटची अक्कल!"

पोस्टमनने केवढा मोठा श्वास सोडला. "तरीच!" तो म्हणाला. "काकांच्या माघारी लुडबुड! काका, यांना दंड करा." लोक हसले, सगळेच जरा जास्तच हसले. नर्सबाईंनी वरून साधं थंड पाणी आणि काकड्या आणवल्या. ड्रायव्हर हसला नाही. तो बायकोकडे बघत होता. सालं कधी पिळलीच नव्हती, हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं.

ती पातेलं उचलून एकटीच वर गेली. थोड्या वेळाने तोही वर आला, कठड्याला धरत धरत. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"किती दिवस?" तिने विचारलं. पाठ वळवूनच.

"पहिल्यापासून."

"आणि ते लिंबू?"

"ते खरं वाटलं होतं गं," तो म्हणाला. "तुझी शपथ. काहीतरी झिणझिणलं जिभेवर. मला वाटलं, आली. मी बोलून गेलो आणि तू धावत सुटलीस. तू जिना उतरेपर्यंत गेलं होतं ते. पण तू परत आलीस तेव्हा अशी हसत होतीस... कसं सांगू?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"दुसऱ्या दिवशी तू बाजारातून दोन पिशव्या भरून आणल्यास."

"मी इथे जीव टाकून रांधतेय," ती गर्रकन वळली, "आणि तुम्ही चिखल गिळल्यासारखं गिळताय?"

"चिखलाला तरी चव असते," तो म्हणाला.

मग मात्र तिला आवरलं नाही. या वेळी नळसुद्धा सोडला नाही तिने. ओट्याला टेकून ती हमसून हमसून रडली. तो जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. डॉक्टरांना विचारलं का, असं तिने मधेच विचारलं. विचारलं होतं, तो म्हणाला. ती औषधांच्या रांगेत होती तेव्हा. आता आस धरू नका, असं म्हणाले ते.

अंगणातून हसण्याचे आवाज येत होते. ड्रायव्हरने स्टूल ओढलं, तिला बसवलं, पातेल्यातलं सरबत एका पेल्यात ओतलं आणि तिच्या हातात दिलं.

"पी," तो म्हणाला. "आणि मला सांग काय लागतंय."

"कडू लागतंय. कळलं की आता सगळ्या गावाला."

"कडूच्या आधी?"

तिने घोट घेतला. "गोड. मग लगेच कडू, इथे मागे बसतंय. मीठ जास्त झालंय."

"ते मी उगाच मागितलं. काहीच मागितलं नसतं तर तुला संशय आला असता." तो समोरच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोळे मिटले. "आणि कलिंगड?"

"आहे. दबलंय."

"कसं आहे?"

"कसं म्हणजे? कलिंगडासारखं."

"तेच तर," ड्रायव्हर म्हणाला. "ते मला आठवेनासं झालंय गं. रोज एकेक जातंय. परवापर्यंत कलिंगड आठवत होतं. आज डाव तोंडात घेतला आणि आठवायला गेलो, तर नाहीच. कसं लागतं ते? सांग ना."

तिने तोंड उघडलं आणि तिला शब्द सापडेना. त्या घरात चवीला शब्द द्यायचं काम तिचं कधी नव्हतंच. ती करायची आणि तो सांगायचा. "थांबा," ती म्हणाली, "सांगते हं," आणि तिने आणखी एक घोट घेतला. जिभेवर धरून ठेवला, गिळला, पुन्हा घेतला. तो डोळे मिटून, मान किंचित पुढे करून वाट बघत होता. कडू घोटामागून कडू घोट घेत तिने अख्खा पेला रिकामा केला.

"गोड असतं हो," ती शेवटी म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू फुटलं. "गोड असतं."