वाकडा पाना

वेंडेल हापालाच्या गॅरेजमध्ये गाडी आणली की आधी आवाज काढून दाखवावा लागे. गाडीचा नव्हे, स्वतःच्या तोंडानं. 'पुढच्या बाजूला जरा खडखडतंय' असल्या मोघम बोलण्यावर भागत नसे. बँकेतले साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन पाद्री, सगळे त्या तेलकट फरशीवर उभं राहून घर्र, चूं, फट् करून गेलेले. वेंडेल डोळे मिटून ऐकायचा, आणि बहुतेक वेळा बॉनेट उघडण्याआधीच त्याला रोग कळलेला असायचा.

दुसरा नियम भिंतीवर पाटी करून लावला होता. 'गाडीतून जे निघेल ते गाडीच्या मालकाचं.' जुना पट्टा, झिजलेला ब्रेक, फुटका पाइप, जे काढलं ते पिशवीत घालून तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, म्हणजे बदललं की नाही अशी शंकाच नको. आणि बिलावर तीन ओळी, साध्या भाषेत. काय झालं होतं, का झालं, काय केलं. 'का झालं' या ओळीसाठी तो साऱ्या डुलुथ शहरात प्रसिद्ध होता. 'उंदरांनी घर केलं.' 'तेल संपल्याचा दिवा तीन महिने लागला होता, मालकांना तो रंग आवडला असावा.' लोक ती बिलं घरी फ्रिजवर चिकटवून ठेवत.

असा हा एकतीस वर्षं गॅरेज चालवणारा खरा माणूस. पण गेले पाच आठवडे त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगानं आकृती काढलेली होती, आणि त्यातली एक आकृती रिकामी होती. तिथला पाना त्याच्या वडिलांनी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तापवून वाकवला होता. जिथं हात जात नाही तिथं तो जायचा. बाजारात तसला पाना मिळत नाही, आणि वडील आता नवा करून द्यायला नाहीत.

पाना कुणी नेला, याबद्दल वेंडेलला तिळमात्र शंका नव्हती. गॉर्डी स्कोगलुंड. बहीण लोर्नाचा नवरा, निवृत्त पोस्टमन, आणि लोकांच्या वस्तू नेऊन विसरण्यात पटाईत. वेंडेलची शिडी दोन वर्षांपासून त्याच्याकडेच मुक्कामाला होती. पाना हरवला त्या दिवशी गॉर्डी गॅरेजमध्ये तासभर टिवल्याबावल्या करत होता. झालं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी, चाळीस माणसांसमोर, वेंडेल म्हणाला, "तू शिडी ने, करवत ने, पण माझ्या बापाचा पाना तेवढा परत दे." गॉर्डीनं कप खाली ठेवला. "मी नेला नाही," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून शनिवारचा सौना, म्हणजे वाफेची आंघोळ, बंद झाला. सव्वीस वर्षं दोघं दर शनिवारी वेंडेलच्या अंगणातल्या त्या लाकडी खोलीत घाम गाळत बसत आणि एकमेकांची टिंगल करत. आता वेंडेल एकटाच दगडांवर पाणी ओतायचा, आणि पंधरा मिनिटांत कंटाळून बाहेर यायचा. त्याला गॉर्डीची फार आठवण येई. पण कबूल कोण करणार?

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी लोर्ना आपली ब्यूक घेऊन दारात आली. ती वेंडेलपेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि ते त्याला विसरू देत नसे.

"तुझ्याकडे यायचंच नव्हतं मला," ती गाडीतून उतरतानाच म्हणाली. "आधी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली. ते म्हणतात गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला."

"मग बदलायचा होतास. आलीस कशाला?"

"मी नव्हते येत. गॉर्डीनं पाठवलं." लोर्नानं हातमोजे काढले. "म्हणाला, तुझा भाऊ डोक्यानं अर्धवट आहे, पण गाडीबद्दल खोटं बोलायचा नाही. त्यानं सांगितलं गिअरबॉक्स गेला, तर गेला."

वेंडेलनं फडकं उचललं. हात पुसलेलेच होते, ते त्यानं पुन्हा पुसले.

"बरं, आवाज काढ."

"माझं वय बघ जरा."

"मुख्याध्यापिकाबाईंनी काढला होता. काढ."

लोर्नानं आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला. "खर्रर्र... ठण्."

"पुन्हा."

"खर्रर्र, ठण्. चढ चढताना एकदा, उतरताना एकदा. सपाट रस्त्यावर गुमान असते."

वेंडेलनं डोळे उघडले. असला आवाज त्यानं एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. गिअरबॉक्स तर असं मुळीच बोलत नाही. तो गाडीत बसला, लोर्ना शेजारी, आणि दोघं आठव्या अ‍ॅव्हेन्यूचा चढ चढू लागले. तो चढ असा, की वर जाताना समोर नुसतं आभाळ आणि खाली येताना नुसतं तळं. अर्ध्यावर आवाज झाला. खर्रर्र, ठण्. काहीतरी सैल होतं, जड होतं, आणि घसरत होतं.

"ऐकलंस?" लोर्ना म्हणाली.

"ऐकलं. गिअरबॉक्स नाही. घाबरू नकोस."

गॅरेजमध्ये त्यानं लोर्नाला पुढच्या खोलीत कॉफी देऊन बसवलं, गाडी लिफ्टवर चढवली आणि दिवा घेऊन खाली शिरला. इंजिनाला खालून आधार देणारी जाड लोखंडी पट्टी असते, आणि या गाडीत ती वरून पन्हाळीसारखी खोलगट होती. वेंडेलनं आत बोटं घातली. बोटांना थंड, वाकडं काहीतरी लागलं. बाहेर काढून बघायची गरजच नव्हती, हातानं ते ओळखलं.

पाच आठवड्यांपूर्वी याच गाडीचा स्टार्टर त्यानं बदलला होता. शेवटचा बोल्ट आवळला, तेवढ्यात फोन वाजला, आणि पाना तिथंच राहिला. त्याच दिवशी गॉर्डी हवापाण्याच्या गप्पा मारत स्टुलावर बसला होता. बिचाऱ्यानं फळीला हातही लावला नव्हता.

वेंडेलचा चेहरा उतरला. पहिला विचार आला तो काही चांगला नव्हता. पुढच्या खोलीतून इथलं दिसत नाही. पाना खिशात टाकावा, आठवडाभरानं कॉम्प्रेसरमागे सापडला म्हणून सांगावं, गॉर्डीला एक डोनट द्यावा, मिटलं. त्यानं पाना खिशात टाकलासुद्धा. मग टेबलाशी जाऊन बिल लिहायला बसला. काय झालं होतं: गाडीत आवाज. का झालं...

पेन थांबलं. 'सैल पट्टी' लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? लोर्ना खूश होऊन घरी गेली असती आणि गॉर्डीनं ते बिल वाचून मान डोलावली असती. वेंडेल बोललाय म्हणजे खरंच असणार. हाच विचार त्याला सहन होईना. ज्याला चाळीस माणसांसमोर चोर ठरवलं, त्यानंच बायकोला इकडे पाठवलं होतं.

त्यानं लिहून टाकलं आणि बिल लोर्नापुढे ठेवलं.

लोर्नानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "का झालं: मेकॅनिक स्वतःचा पाना गाडीत विसरला आणि आळ दुसऱ्यावर घेतला. काय केलं: पाना काढला. पैसे नाहीत."

तिनं तेच पुन्हा एकदा वाचलं. मग हसायला लागली, ती इतकी की कॉफी सांडली.

"हस, हस," वेंडेल म्हणाला. "माझं चुकलं. फार चुकलं."

"हे मला नको सांगूस. हे बिल मी रविवारी चर्चच्या फळ्यावर लावणार आहे."

"लाव."

"आणि पाना कुठाय?"

वेंडेलनं खिशातून काढून दाखवला. लोर्नानं हात पुढे केला.

"दे."

"अगं, दे काय? बाबांचा आहे तो."

लोर्नानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "गाडीतून जे निघेल ते गाडीच्या मालकाचं. गाडी कुणाच्या नावावर आहे?"

गाडी गॉर्डीच्या नावावर होती. वेंडेलनं पाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पाना पिशवीत घालून तिच्या हाती दिला.

शनिवारी सकाळी एका व्हॅनचा स्टार्टर काढायचा होता. वेंडेलनं दोन तास झटापट केली, बोटं सोलून घेतली, आणि शेवटी चढ चढून गॉर्डीच्या दारात गेला. गॉर्डी अंगणातला बर्फ लोटत होता.

"काय पाहिजे?"

"आधी माफी मागायची आहे. तू नेला नव्हतास, आणि मी चारचौघांत तसं बोललो. पाच आठवडे मला चैन नाही."

गॉर्डीनं फावडं बर्फात रोवलं. "बिल वाचलं मी. अक्षर सुधार. आणि दुसरं काय?"

"पाना हवा होता. दुपारपुरता."

"कुणाचा पाना?"

"तुझा," वेंडेल म्हणाला.

गॉर्डीनं हे उत्तर चांगलं चघळलं. "परत कधी मिळेल? नाही, लोक वस्तू नेतात आणि विसरतात, म्हणून विचारतो."

"संध्याकाळी. सहाला सौना तापवतोय, तिथंच देतो."

"मग येतो. शिडी घेऊन आलो तर सौनात मावेल का?"

संध्याकाळी गॉर्डी शिडी खांद्यावर टाकून आला. त्यानं बूट काढण्याआधीच वेंडेलनं पाना त्याच्या हातात दिला. गॉर्डीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत वेंडेलच्या तळव्यावर ठेवला.

"तुझ्या फळीवरच टांग. तिथं त्याची आकृती आहे. माझ्याकडे नुसता खिळा."

"नियम म्हणजे नियम. तो तुझा आहे."

"माझाच आहे. तुझ्याकडे ठेवायला देतोय."

दोघं आत जाऊन बसले आणि दगडांवर पाणी ओतलं. त्या रात्री तासाभरात कुणी उठलं नाही.

आता ती आकृती रिकामी नाही. पान्याखाली चिकटपट्टीवर लिहिलंय, 'गॉर्डी स्कोगलुंड यांचा. विचारून घ्यावा.' वेंडेल दर वेळी फोन करून विचारतो. गॉर्डी बहुतेक वेळा हो म्हणतो.