शेवटची पाच अक्षरं

मी एक जुना लायसनचा स्टिकर आहे. तळहातापेक्षा लहान, कडेला चंदेरी पट्टी आणि अंगावर पाच-पाचच्या गटात छापलेली पंचवीस अक्षरं नि आकडे. कारखान्यात एका संगणकात सिस्टिम भरली आणि त्याच्या डब्यावर मला चिकटवलं. ही सिस्टिम याच संगणकाची, एवढं सांगायचं माझं काम. मित्रांनो, काम लहान होतं, पण माझी ऐट मोठी होती!

२००३ साली आम्ही दोघं खुटबावला सुलक्षणाताईंच्या क्लासमध्ये आलो. क्लास म्हणजे घराची पुढची खोली, एक संगणक आणि नंबर लावून बसलेले विद्यार्थी. ताईंची एक रीत होती. नवा माणूस आला की त्यानं रोज आधी माझी पंचवीस अक्षरं वीस वेळा टाइप करायची. त्यात अक्षरंही होती, आकडेही होते, त्यामुळे बोटं सगळ्या कीबोर्डवर फिरत. मला मात्र वाटायचं, हा माझाच मान चाललाय.

नकुशीबाई ही टायपिंग सगळ्यांत मन लावून करायच्या. त्या कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. आठ तास उभं राहून पाय सुजायचे. पहिली पाळी संपली की तशाच क्लासला यायच्या. कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून करायची एक जागा निघाली होती, पण महिनाअखेरपर्यंत कॉम्प्युटरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट हवं होतं.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि विजेचा दाब वाढून आमच्या संगणकाचं आतलं मुख्य बोर्डही जळालं, डिस्कही जळाली. परीक्षा ताईंच्याच क्लासमध्ये व्हायची आणि तिच्याआधी परीक्षा मंडळाचे साहेब येऊन सिस्टिमचं लायसन तपासणार होते. ते नसेल तर केंद्र बंद. ताईंनी दौंडहून दुरुस्तीवाले लालमहंमदभाई बोलावले.

"माझ्याकडं एक वापरलेला संगणक हाय," ते म्हणाले. "पण त्याला लायसन न्हाई."

"आपलं हाय की. तेच तिकडं लावता येतंय का बघू," ताई म्हणाल्या आणि तो संगणक आणायला त्यांच्याबरोबर दौंडला गेल्या.

हे बोलणं ताईंचे सासरे बापूसाहेब, म्हणजे घरातले आप्पा, यांनी ऐकलं. त्यांचा जन्म विहिरीवरच्या मोटारी चालवण्यात गेला. मोटार जळाली की जुना स्टार्टर काढून नव्या मोटारीला जोडायचा, हे त्यांना पाठ. त्यांनी गरम पाण्यात फडकं बुडवलं, ब्लेड घेतलं आणि मला खरवडायला बसले. आम्हा स्टिकरांना मुद्दामच असं बनवतात की उचकटलं तर फाटावं. मी फाटलो. शेवटची पाच अक्षरं डब्यालाच राहिली. घाण दिसू नये म्हणून आप्पांनी ती रॉकेलनं पुसून काढली! फार वाईट वाटलं मला.

"आप्पा, हे काय केलंत?" परतलेल्या ताईंनी विचारलं.

"स्टार्टर काढतो तसं काढलं. म्हटलं, तुझं काम हलकं व्हईल."

ताई खाली बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "संगणक तोच आहे, की दुसरा?"

"तोच म्हणा, ताई," लालमहंमदभाई कुजबुजले. "त्यांना काय दिसतंय व्हय?"

पाळीवरून आलेल्या नकुशीबाई दारात उभ्या होत्या. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाई. दुसरा हाय. पहिला जळाला."

तो माणूस म्हणाला, संगणकाबरोबर आलेलं लायसन दुसऱ्यावर नेता येत नाही. पण जळालेल्या बोर्डाच्या जागी त्याच जातीचं बोर्ड बसवलं, तर संगणक तोच धरतात. ताई खोटं बोलल्या असत्या, तर ही वाट कुणी दाखवलीच नसती.

लालमहंमदभाईंनी चार दिवस हिंडून तसलं बोर्ड मिळवलं. नवी डिस्क बसवली, सिस्टिमची सीडी घातली. पडद्यानं पंचवीस अक्षरं मागितली. माझ्याकडं वीसच होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"नकुशीबाई, तुम्हाला पाठ हायेत का?" ताईंनी विचारलं.

"तोंडाला न्हाई यायची. बोटांना ठावं आसंल. सरा जरा."

त्या खुर्चीवर बसल्या. डोळे मिटले. सुरुवातीपासून टाइप करत गेल्या आणि विसाव्या अक्षरावर न थांबता पुढं गेल्या. पडद्यानं नंबर घेतला! आप्पा भिंतीकडं तोंड करून उपरण्यानं नाक पुसत होते.

मंजुरीसाठी पुन्हा फोन लावावा लागला. पुन्हा तोच प्रश्न आला, संगणक तोच आहे का?

"व्हय," ताई म्हणाल्या. "तोच हाय."

साहेब आले, तपासून गेले. परीक्षा झाली. नकुशीबाई आता स्टोअरमध्ये बसून काम करतात.

मित्रांनो, मी आज बंद पडलेल्या डब्यावर, आप्पांनी लावलेल्या चिकटपट्टीखाली आहे. कुणालाही त्याच्या जागेवरून उचकटण्याआधी एकदा विचारत जा, आणि माझ्यासारख्याचा नंबर वहीत उतरवून ठेवा. कारखान्यातून आलो तेव्हा पंचवीस अक्षरांची मला केवढी ऐट होती. आता त्यातली वीसच छापील आहेत. फाटक्या जागी वहीच्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावरची पाच अक्षरं नकुशीबाईंच्या हातची आहेत.