पंपातला वायसर

लेक पंधरा दिवस राहायला येणार, तेही गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, हे कळल्यावर मी गच्चीवर भाजी लावायची ठरवली. फवारणी नाही, पुडीतलं खत नाही, सगळं स्वतःच्या हातांनी. बायकोने ऐकलं आणि हसत हसत खुर्चीतच बसली. "अहो, आजवर तुम्ही जिथे गेलात तिथे काही जिवंत राहिलंय का?"

तिचंही खोटं नव्हतं. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरातले ढेकूण, झुरळं आणि वाळवी मारली. आमच्या धंद्यात विषाला औषध म्हणतात, म्हणून मी सगळ्यांचा औषधवाला काका. लेक सहा वर्षांची असताना एकदा कामावरून आलो आणि हात धड न धुता तिला सफरचंद कापून दिलं. दोन दिवस दवाखान्यात होती. त्यानंतर तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. भांडली नाही की बोलली नाही, पण मी काही पुढे केलं की तिचं पोट नेमकं भरलेलं असायचं.

यावेळी तिने माझ्या हातचं खावं, एवढंच मला हवं होतं.

आधी रंगाचे रिकामे डबे आणले. मग रंग तरी कुठे साधा असतो, या विचाराने झोप लागेना. डबे परत केले आणि मातीच्या कुंड्या आणल्या. भाज्यांची सालं आणि सुकी पानं कुजवून खत केलं. टोमॅटोची सहा रोपं लावली. पान पिवळं पडलं तर धस्स व्हायचं, नाही पडलं तर आता पडेल म्हणून जीव टांगणीला. दिवसातून चारदा मातीत बोट खुपसून ओल बघायचो. "जरा एकटं सोडा हो त्यांना," बायको म्हणायची, "लाजत असतील बिचारी."

लेक आली तेव्हा चार टोमॅटो लाल व्हायला लागले होते. आणि दोनच दिवसांनी पानांखाली मावा दिसला. हिरवे बारीक किडे, देठाला गच्च चिकटलेले. माझे हात शिवशिवले, पण मी औषधाचा विचारही केला नाही. पुस्तकात लिहिलं होतं तसं साबणाचं पाणी केलं. फवारायची बाटली मात्र ऐनवेळी तुंबली. माळ्यावर माझा कामावरचा जुना फवारणी पंप होता. तो गरम पाण्याने तीनदा धुतला, नाकाशी धरून वास घेतला आणि संध्याकाळी सगळी रोपं फवारली.

सकाळी मी उठण्याआधीच लेक गच्चीवर जाऊन आली होती. हातात दोन टोमॅटो. "बाबा, तुमचे टोमॅटो! नाश्त्याबरोबर खाते," म्हणाली आणि खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाली, "गोड होते हो." शिट्टी वाजवत पाणी घालायला वर गेलो.

कठड्यावर मुंग्यांची रांग होती. हलत नव्हती. कुंडीखाली एक झुरळ पाय वर करून पडलं होतं.

साबणाच्या पाण्याने झुरळ असं मरत नाही. हे मला जगात कुणी सांगायची गरज नव्हती. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावायचो: पंप कितीही धुवा, आतला चामड्याचा वायसर औषध पितो आणि सावकाश सोडतो. मीच शिकवायचो, आणि मीच विसरलो.

जिना उतरायला लागलो. एक मन म्हणालं, गप्प राहा. दोन तर टोमॅटो, वरवरचं औषध, काही होणार नाही. इतक्या वर्षांनी तिने खाल्लंय, आता पुन्हा कशाला तोंड काळं करून घेतोस? लाज वाटते सांगायला, पण तीन पायऱ्या मी हाच विचार केला.

खोलीच्या दारात उभा राहिलो आणि सगळं एका दमात बोललो. पंप, वायसर, मुंग्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल. चूक माझी आहे. चप्पल घाल."

बायकोच्या हातातली चादर गळून पडली. लेक मात्र शांत उठली. तिने आपल्या बॅगेतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. दोन्ही टोमॅटो, जसेच्या तसे.

"मी खाल्ले नव्हते," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तसं म्हटलं."

जीव भांड्यात पडला. मी मटकन पलंगावर बसलो. आणि मग मनापासून वाईटही वाटलं, कारण तिचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणूनच ती आज वाचली होती. "आधी हात धू," एवढंच मला म्हणता आलं. "साबणाने, कोपरापर्यंत."

ती हात धुऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं."

"हं."

"तो पंप आजच फेकून द्या. कुंड्यांतली मातीसुद्धा." तिने पोटावर हात ठेवला. "नवी रोपं लावली तर बाळ येईपर्यंत टोमॅटो येतील?"

"येतील," मी म्हणालो. "का नाही येणार?"

"मग मला कापून तुम्हीच द्या."