जोडीची घडी

“एका चादरीला एकच नाव. दोघींनी धरली, तर लिहू कोणाची?” मुकादमाने विचारलं. उत्तर त्याला नकोच होतं.

दवाखान्याच्या धुलाईघरात बावीस वर्षं आम्ही दोघींनी जोडीने चादरींच्या घड्या घातल्या. ती उंच म्हणून शिडी, मी बुटकी म्हणून पायरी. दोन टोकं हातात घेऊन ती “धर” म्हणायची, उरलेली दोन मी धरायची. एकदा आमचा तीन दिवस अबोला होता. तेव्हाही त्या एका शब्दावर काम निभावलं.

मग भिंतीवर फळा आला. प्रत्येकीच्या नावापुढे घड्यांचा आकडा, आकड्यापुढे नंबर. तीन महिन्यांनी शेवटच्या नंबराला नारळ. एकटीने घडी घालायची म्हणजे एक टोक हनुवटीखाली दाबायचं आणि कोपरे जुळोत न जुळोत, पुढे सारायचं. वॉर्डातल्या नर्स कुरकुरायच्या. पण कुरकुरीसाठी फळ्यावर रकाना नव्हता. घरी नवरा पूर्वी विचारायचा, “दमलीस का गं?” आता विचारायचा, “आज कितवी?”

शेवटच्या दिवशी दुपारी फळ्यावर सगळ्यात खाली शिडी होती, तिच्यावर मी. मध्ये सात चादरी. तिचा खांदा आठवडाभर धरला होता.

“ए पायरी,” ती हळूच म्हणाली, “जोडीनं घालू या ना. आधी माझ्या दहा, मग तुझ्या दहा. दोघी वर जाऊ.”

“आणि मध्येच घंटा झाली तर?”

तिने चादरीचं टोक हनुवटीखाली दाबलं. तोंड असं अडकलं की बोलता येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. घंटा व्हायला अजून पाऊण तास होता. मला माझीच लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

सोमवारी फळ्यावरून तिचं नाव पुसलेलं होतं. सगळ्यात खाली आता माझं होतं.

मी पहिली चादर उचलली, दोन टोकं घेतली, झटकली आणि तोंडातून निघून गेलं, “धर.”

सगळ्या जणींनी माना वर केल्या, पुन्हा आपापल्या ढिगाकडे वळल्या.

चादरीची दुसरी टोकं जमिनीला लागली होती. ती मी परत धुवायला टाकली.