सेल खाणारा कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. तारेने भिंतीला जोडलेला नव्हे, चार पेन्सिल सेलांवर चालणारा, मुठीत मावेल एवढा घरगुती कॅमेरा. राखण करणं हे माझं काम. पण आज पराक्रम सांगायला बसलेलो नाही. माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचं घर सुटलं, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्माचं फार सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एका लांबलचक टेबलावर एकीने माझं भिंग बसवलं, दुसरीने झाकण लावलं, तिसरीने खोक्यात घालून वर चिकटपट्टी मारली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'एकदा सेल घाला, सहा महिने निर्धास्त राहा.' मी ते खरं मानलं. नवा होतो ना!

मला विकत घेतलं एका नर्सने. ती नोकरीच्या गावी राहायची, इथून बसने अडीच तास, आणि तिचे बाबा इकडे एकटे. बाबा घड्याळजी. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण दुकानातली अकरा घड्याळं त्यांनी घरी आणून समोरच्या भिंतीवर टांगली होती. त्यातली सात लंबकाची. रोज सकाळी चहाच्या आधी स्टुलावर चढायचं आणि एकेकाला किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम. एका सकाळी स्टूल कलंडलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

लेक आली, महिनाभर राहिली, आणि निघताना हटून बसली की आता माझ्याकडे चला. बाबा म्हणजे दुसऱ्या टोकाचे हट्टी. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही म्हणे. शेवटी तह झाला, आणि त्या तहातलं मुख्य कलम म्हणजे मी.

"मला तुम्ही दिसत राहिलात तर राहा इथं," लेक म्हणाली. "ज्या दिवशी दिसेनासे व्हाल, त्या दिवशी येऊन घेऊन जाईन. मग वाद घालायचा नाही."

बाबांनी मान डोलावली. घड्याळं हाताला येतील एवढी खाली घेतली गेली आणि स्टुलावर कायमची बंदी आली. मला मात्र कपाटाच्या माथ्यावर ठेवलं, वरून सगळं दिसावं म्हणून. घड्याळं खाली आणि मी वर, यात काही चुकतंय हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता माझी रीत सांगतो. एरवी मी डुलकी काढत असतो. समोर काही हललं की जागा होतो. किंवा लेकीने तिच्या फोनवर मला उघडलं की जागा होतो. फोनवरून उघडलं की माझा निळा दिवाही लागतो, आणि कुठलीही जाग असो, ती थोडाथोडा सेल खाते. एवढंच माझं शास्त्र.

नवव्या दिवशी मी बंद पडलो. सहा महिने नव्हे हो, नऊ दिवस! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडे लेकीच्या फोनवरचं चित्र गेलं. बाबा दुपारी फोन उचलत नाहीत, म्हणून तिने खालच्या मजल्यावरच्या शिलाईकाकूंना फोन लावला. काकू शिवणयंत्र सोडून, गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन, धापा टाकत वर आल्या. बाबा खुर्चीत बसून पेरू खात होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पेरूकडे पाहिलं आणि स्वतःच स्टुलावर चढून माझे सेल बदलले.

दुसरे सेल अकरा दिवस टिकले. तिसरे आठ. काकू प्रत्येक वेळी वर येताना एकच पुटपुटायच्या, की ब्लाउज अर्धा राहिला.

बाबांना हे फार लागलं. चाळीस वर्षं ज्याने लोकांच्या घड्याळांत सेल घातले, त्याच्या घरात सेल टिकेनात म्हणजे काय! चौथ्या खेपेला त्यांनी काकूंच्या हाती आपल्या डब्यातले चार सेल दिले, दोन कोरे आणि दोन वापरलेले. घड्याळजींची ही जुनी खोड. अर्धमेला सेलसुद्धा घड्याळाला वर्षभर पुरतो, म्हणून टाकायला जीव होत नाही. पण मी घड्याळ नव्हे. जुन्यांनी नव्यांनाही खाली ओढलं आणि मी तिसऱ्या दिवशी आडवा.

मग कॅमेरेवाला आला. तरतरीत, बोलता बोलता हात चालवणारा माणूस. सेल काढून पाहताच म्हणाला, की काका, जुने-नवे एकत्र घालायचे नसतात. बाबांचा चेहरा एवढासा झाला. आजवर ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते.

कॅमेरेवाल्याने काम मात्र मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. वायफायचा डबा आतल्या खोलीत होता आणि मध्ये लोखंडी कपाट, त्यामुळे मला घसा फोडून ओरडावं लागत होतं. तो डबा त्याने बाहेर आणला. मी खिडकीच्या पडद्यालासुद्धा दचकत होतो, ती माझी दचक कमी केली. मग तो कमरेवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. सात लंबक चालले होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"काका, चोर सापडला," तो म्हणाला. "दिवसभर हे हलतंय. याला झोप लागणार कशी?"

बाबांनी विचारलं, "सगळी थांबवावी लागतील?"

"लंबकाची तेवढी. घर राखायचंय ना?"

त्याला घर राखणं म्हणजे चोरांपासून राखणं म्हणायचं होतं. बाबांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. तो गेल्यावर ते उठले आणि एकेका घड्याळाचं दार उघडून लंबकाला बोट लावत गेले. सातवं थांबलं तेव्हा मी जागा होतो. त्यांनी ते दार लावलं नाही, बराच वेळ तसंच धरून उभे राहिले. उरलेली चार सेलवरची. त्यांचा आवाज तो काय.

आणि आता माझा खरा गुन्हा ऐका. मला माहीत होतं की चोर लंबक नाहीत. ते थोडंफार खात असतील, नाही म्हणत नाही. पण मला खाणारी होती ती लेक. वॉर्डात शिरण्याआधी एकदा बघायची, वॉर्डातून बाहेर आली की एकदा. चहा पिताना, बस येईपर्यंत, बसमध्ये, भाजी चिरताना. दिवसाला साठ-सत्तर वेळा. पाच सेकंद बघायचं, बाबा आहेत, हुश्श करायचं आणि बंद करायचं. मला कुणी, किती वेळा उघडलं याची यादी तिच्याच फोनमध्ये एका पानावर लिहिलेली असते. कॅमेरेवाला ते पान बघू शकला नाही, कारण फोन अडीच तासांवर होता. लेकीने ते उघडलं नाही, कारण आपलं बघणं हे तिला खर्चात धरावंसं वाटलंच नाही. आणि मी? मला वाचा नाही हे खरं, पण आपल्यावरचं खापर दुसऱ्यावर फुटताना पाहून मला क्षणभर बरं वाटलं होतं. ते मी विसरू शकत नाही.

बाबांनी माझ्या दिव्याचा अर्थ केव्हाच ओळखला होता. निळा लागला की लेक बघतेय. मग ते लगेच पाठ ताठ करायचे, गुडघा चोळत असले तर हात काढून घ्यायचे, पेपर सरळ धरायचे. दिवा विझला की पुन्हा सैल. एकदा शिलाईकाकूंना हसत म्हणाले, दिवसातून सत्तर वेळा ठणठणीत दिसायचं म्हणजे नोकरीच झाली की हो. काकू हसल्या. मला हसू आलं नाही. लेकीला रोज जो माणूस दाखवत होतो, तो खरा नव्हता.

घड्याळं थांबल्यावर त्यांच्या सकाळीही थांबल्या. किल्ली द्यायला उठायचं नाही, मग चहाला उशीर, मग आंघोळीचा कंटाळा. आणि मी मात्र बाराव्या दिवशी पुन्हा मरायला टेकलो. सात घड्याळांचा जीव घेऊन मी दोन-तीन दिवस जास्त जगलो.

त्या दिवशी काकू आपल्या मुलाकडे गेल्या होत्या. साडेबाराला माझे सेल संपले. बाबांना कळलं, कारण बराच वेळ त्यांना ताठ बसायची पाळी आली नाही. लेक घाबरायच्या आत सेल आणू म्हणून ते चपला घालून एकटेच खाली उतरले, आणि घाईत फोन टेबलावरच राहिला. कोपऱ्यावरचं दुकान दुपारचं बंद. दुसरं लांब. गुडघ्याने असहकार पुकारला, तेव्हा बंद दुकानाच्या पायरीवरच ते दुकान उघडेपर्यंत, चार वाजेपर्यंत, बसून राहिले. इकडे टेबलावरचा फोन वाजून वाजून गप्प होत होता. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मी आंधळा होतो.

बाबा परत आले, कुलूप काढलं, आणि सरळ स्टूल ओढलं.

माझ्यात चौथा सेल बसला आणि मला दिसू लागलं, तेव्हा पहिल्यांदा दिसले ते अगदी जवळून बाबांचे डोळे. त्यांच्यामागे उघडं दार. दारात लेक. अंगावर ड्यूटीचेच कपडे, केस विस्कटलेले. बाबा स्टुलावर, एका हाताने कपाट धरलेलं, पायरीवर बसून पाय आखडलेले.

ती किंचाळली नाही. पुढे आली, दोन्ही हातांनी त्यांना कमरेला धरून खाली उतरवलं आणि तशीच धरून रडली. मग म्हणाली, "बाबा, झालं आता. बॅग भरते."

ते म्हणाले, "अगं, याचे सेल संपले होते म्हणून..." पण वाद घालायचा नाही हे कबूल केलं होतं, आणि शब्दाला जागणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागलं, चावी काकूंकडे राहिली. मला ठेवून गेले, रिकाम्या घरावर लक्ष असावं म्हणून. पहिले पाच आठवडे मला कुणी उघडलंच नाही. लेकीला बघायचं काय होतं इथे? सेल जवळजवळ कोरे. बघा, मी बिघडलेला नव्हतो, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण ते ऐकायला घरात पाल होती, तीही एकच.

मग एका सकाळी दिवा लागला. लेक पाच सेकंदांत बंद करते. हा बंद होईना. चार मिनिटं झाली. मध्येच गेला, परत लागला, परत गेला, पुन्हा लागला. कुणाचं तरी बोट अडखळत होतं. मग चुकून बोलायची कळ दाबली गेली आणि माझ्या पोटातून, रिकाम्या खोलीत, बाबांचा आवाज आला. स्वतःशीच बोलत होते. "चित्र दिसतंय, पण आवाज काही येत नाही. हा फोनच खराब दिसतो."

फोन खराब नव्हता. थोड्या वेळाने त्यांनाच आठवलं असावं, की घड्याळं आपणच थांबवली होती. "हां," एवढंच म्हणाले, आणि बंद केलं.

लेकीने आपला जुना फोन त्यांना वेळ घालवायला दिलाय, आणि त्यात मी आहे हे तिच्या लक्षात नाही. ती ड्यूटीवर गेली की बाबा मला उघडतात. सकाळी सातपासून. खुर्ची बघतात, भिंत बघतात, खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते बघतात. संध्याकाळी ती यायच्या वेळी बंद. तिला विचारलं तर मजेत आहे म्हणत असतील. ताठ बसायची त्यांना सवय आहे.

म्हणून सेल पुन्हा भराभर संपताहेत. लेक चक्रावून गेलीय. काकूंनी दोनदा येऊन बदलले आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला भूत लागलंय. कॅमेरेवाल्याने फोनवरच हात टेकले. रिकाम्या घरात सेल संपतात म्हणजे यंत्रच गेलं, म्हणाला, नवीन घ्या. येत्या शनिवारी तो मला काढून नेणार आहे.

मला नेऊ द्या. एकदा बंद पडून बाबांना घराबाहेर काढलं, त्यापुढे ही शिक्षा काहीच नाही. फक्त लेकीला एवढं सांगा. शनिवारच्या आत ते यादीचं पान एकदा उघड, ताई. त्यात सकाळी सात, सव्वासात, साडेसात असं लिहिलेलं सापडेल, आणि त्या वेळी तू वॉर्डात असतेस. मग बाबांना विचार, मजेत आहात का म्हणून नको, दुसरं काहीही विचार.

आता माझ्यात तीनच टक्के उरलेत. दिवा लागलाय. ते बघताहेत. मी त्यांना त्यांची खुर्ची दाखवतोय.