दयेचा हमीदार

दारावर पाटी होती : दया समिती. तिच्याच खाली दुसरी : भिंतीवर थुंकू नये. दया हा खरा देवाच्या घरचा शब्द. पण तिथून उतरून हा शब्द इथे येऊन कशाच्या शेजारी टांगला गेला होता, ते बघून ताईला सकाळी सकाळीच कसंसं झालं.

ताईला सहसा कशाची किळस येत नसे. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ऑपरेशनच्या खोलीतून आलेल्या चादरी ती स्वतः उलगडून बघायची, कारण एखादी कात्री किंवा सुई आत राहिली तर यंत्राचं वाटोळं व्हायचं. रक्त, पू, लहान लेकरांची घाण, सगळं ती हाताळायची आणि तासाभराने त्याच हातांनी डबा उघडून पोटभर जेवायची. "माणसाच्या अंगातून निघालेलं ते सगळं धुता येतं गं," असं ती नव्या बायकांना सांगायची.

आज मात्र लिफ्टचं दार उघडलं, माणसाच्या आधी अत्तर बाहेर आलं, आणि ताईने पदर नाकाला लावला.

दादा आला होता. सोफ्यांच्या दोन दुकानांचा मालक, कडक इस्त्रीचा सदरा, हातात फळांची करंडी.

"अगं, जिने चढून आलीस होय? लिफ्ट होती की!"

"तू कशाला आलास?"

"वा! धाकटा भाऊ सुटायचा, आणि मी दुकानात धूळ झाडत बसू? लोक काय म्हणतील?"

धाकट्याच्या वकीलबाई मध्ये पडल्या. तरुण होत्या, मनाच्या सरळ होत्या आणि पैसे न घेता काम करत होत्या. "मीच बोलावलं त्यांना, ताई. समितीला हमीदार लागतो. सुटलेला माणूस ज्याच्या घरी राहणार, ज्याच्याकडे काम करणार, असा कुणीतरी. तुमची भाड्याची खोली. यांचं घर आहे, धंदा आहे. सुटल्यावर पाच वर्षं चिमण यांच्या देखरेखीखाली राहील. समितीला असं चित्र फार आवडतं."

"ह्याच्या देखरेखीखाली?" ताई म्हणाली. पुढचे शब्द तिने गिळले. तसं गिळायची तिला सवयच होती.

गोष्ट जुनी होती आणि घराच्या चार भिंतींतच कुजली होती. एका गोदामातून तांब्याची तार चोरायला दादा गेला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पिशवी धरायला त्याने चौदा वर्षांच्या चिमणला बरोबर नेलं. रखवालदार जागा झाला. दादाच्या हातात पहार होती. सकाळी रखवालदार मेल्याची बातमी आली आणि दुपारी घरात बैठक बसली. कोर्टाच्या आवारात टंकलेखन करणारे काका कायदा कोळून प्यायल्यासारखे बोलत होते. "मोठ्याला फाशी होईल. लहान पोराला काय होतंय? सुधारगृह. तीन वर्षं चित्रं काढील, कवायत करील, मिसरूड फुटायच्या आत घरी. म्हणू दे त्याला, मी मारलं म्हणून." बाबांनी मान हलवली. आईने चिमणच्या केसांना तेल लावलं. सोळा वर्षांची ताई तिथेच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. "ताई, तिथे कॅरम असतो का गं?" एवढंच चिमणने विचारलं.

काकांच्या कायद्यात एक पान कमी होतं. गुन्हा भयंकर, समज मोठ्या माणसाची, असं म्हणून कोर्टाने चिमणवर मोठ्या माणसासारखा खटला चालवला आणि मोठ्या माणसाची जन्मठेप दिली. तेव्हा तरी कुणी तोंड उघडावं? पण आता खरं सांगितलं तर दोन्ही पोरं जातील, असं बाबा म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी चिमणने स्वतःच खरं सांगितलं, मी मारलं नाही; दादाचं नाव तेवढं घेतलं नाही. कोर्ट म्हणालं, आता सुचलं होय? मागच्या दया अर्जात त्याने पुन्हा तेच लिहिलं. अर्ज परत आला. शेरा होता : गुन्हा कबूल नाही, पश्चात्ताप दिसत नाही. आईबाबा गेले. काका तर पेन्शन खात, नातवंडं खेळवत सुखाने गेले. आता चिमणचे केस पिकायला लागले होते, आणि वकीलबाईंनी त्याला हात जोडून सांगितलं होतं, "एकदाच म्हण की मी मारलं. दयेचं दार तेवढ्यानेच उघडतं."

केलं नसेल ते केलं म्हण, मग आम्ही तुला क्षमा करू. कुठल्या देवाने असली क्षमा कधी केली असेल?

आत टेबलामागे दोघं होते. अध्यक्ष बिस्कीट चहात बुडवत होते. मिशीला भुगा लागला होता. त्यांच्या शेजारी सदस्यबाई कागद चाळत होत्या. चिमणला दोन शिपायांनी आणून उभं केलं. जाड भिंगांचा चष्मा, पुढचा एक दात पडलेला. त्याने ताईकडे पाहून भुवया उडवल्या, लहानपणी वर्गाबाहेर उभं केल्यावर उडवायचा तशा. मग त्याला दादा दिसला आणि भुवया खाली आल्या.

"हं, गुन्हा कबूल आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"आहे साहेब."

"असं घोकलेलं नको. मनापासून सांग. माणूस खरा पस्तावला की त्याला सगळं आठवतं. कुठे उभा होतास, कशाने मारलंस, किती घाव घातलेस?"

चिमण गोंधळला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून, पिशवी छातीशी धरून उभा होता.

"पहारीने साहेब," तो म्हणाला. "दोन... दोन घाव."

"तीन," दादा म्हणाला.

मदत करायच्या घाईत तोंडातून निघून गेलं. आणि निघून गेल्यावर खोलीतलं अत्तरसुद्धा घाबरल्यासारखं झालं. ताईने वळून पाहिलं. दादाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते.

अध्यक्षांनी कागदात बोट घातलं. "तीनच आहेत. बघा! भाऊ बाहेर राहून इतकं लक्षात ठेवतो, आणि ज्याने केलं त्याला पत्ता नाही. कसला पश्चात्ताप? अहो, आम्ही इथे काय झोपा काढायला बसलोय?" बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला. तो त्यांनी बोटाने काढला आणि चोखला.

ताईने तोंड फिरवलं.

सदस्यबाईंनी मात्र मान वर केली होती. "तुम्हाला कसं माहीत हो?" त्यांनी दादाला विचारलं.

"पेपरात... म्हणजे खटल्यात... काका सांगायचे," दादा म्हणाला. करंडीतलं एक फळ घरंगळून खाली पडलं आणि टेबलाखाली गेलं.

ताई उठून उभी राहिली. जिभेवर सगळं तयार होतं. एक वाक्य, बस्स. पण ते वाक्य म्हटलं की चिमणने गुन्हा नाकारल्यासारखं होणार, अर्ज पुन्हा फेकला जाणार, आणि तो परत आत जाणार. या खोलीत खरं बोलणं म्हणजे त्याच्यावर बाहेरून कडी घालणं. किती हलकट व्यवस्था ही!

"साहेब," ती म्हणाली, "चौदा वर्षांचं पोर घाव मोजत नाही. मोजतो तो मोठा माणूस." मग दादाच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "होय ना रे दादा? मोठ्यांचं कसं पक्कं लक्षात राहतं, ते सांगू का यांना?"

"नको, कशाला..."

"मग दुसरं तूच सांग. चिमणला ताईचा लळा आहे, तो माझ्याकडेच राहिला पाहिजे, हे सांग. खर्चाची हमी तू घेतोस आणि देखरेख माझी, तेही सांग. कामाचं मी धुलाईघरात बोलून ठेवलंय."

दादा खुर्चीवरून उठला तो जवळजवळ धावतच टेबलापाशी गेला. "अगदी बरोबर साहेब! बहिणीची माया ती बहिणीची माया! लहानपणी हिच्याच हाताने जेवायचा हो तो. पैशाचं मी बघतो. कुठे सही करू?"

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "बरं, लहान होता, नसतील मोजले घाव. पण याला म्हणतात कुटुंब! नाहीतर आजकाल भाऊ भावाला ओळखत नाही." सदस्यबाई दादाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चिमणकडे पाहिलं, पेन उचललं आणि सही केली. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे देव जाणे. अध्यक्षांनी मिशी पुसली आणि सहीखाली शिक्का मारला.

"समितीचे आभार माना," शिपाई चिमणच्या कानाशी म्हणाला. चिमणने मानले. ताईने खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर आल्यावर दादाचा रंग परतला. त्याने रुमालाने मान पुसली. "बघ, शेवटी दादाच उपयोगी पडला की नाही? चल, गाडीने सोडतो."

"पैसे वेळेवर पाठव. तू स्वतः येऊ नकोस."

"अगं, पण तो माझाही भाऊ—"

"दादा, मी रोज काय काय धुते तुला माहीत नाही. तुझ्या शेजारी बसून माझ्याने गाडीत येववणार नाही."

तो करंडी तिथेच बाकावर ठेवून लिफ्टमध्ये शिरला. वकीलबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना वाटत होतं की आपण जिंकलो. ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीला कशाला सांगायचं?

कागद तयार होईपर्यंत चिमणला व्हरांड्यात बसवलं होतं. शिपायाने तोंड दुसरीकडे वळवून पाच मिनिटं दिली. ताई जवळ जाऊन बसली. चिमणच्या अंगाला तुरुंगाच्या साबणाचा वास येत होता, आणि तिला तो चालला.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

चिमणने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग हळूच म्हणाला, "ताई, तीन होते होय गं? मला दोनच ऐकू आले होते. नंतर मी कान झाकले."

ताईने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि नुसते चोळत राहिली.