थोरल्यानं उतरायचं

"सोड कंदील खाली," उत्तरेश्वर म्हणाला.

घरचा जुना गडी हरिबा, त्यानं दोरीला बांधलेला कंदील पेवाच्या तोंडातून हळूहळू खाली सोडला. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार ते; तोंड केवढं, माणूस जेमतेम शिरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं ऐसपैस पोट, आणि त्या पोटात चैत्रात ओतलेली ज्वारी. यंदा पेव अर्धंच भरलं होतं. कंदील पुरुषभर खाली गेला आणि विझला. हरिबानं तो वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"जहर हाय आत," हरिबा म्हणाला. "चैतापासून कोंडलेली हवा हाय ती. आजचा दिस तोंड उघडं राहू द्या. उद्या सकाळी उतरू."

"उद्या सकाळी मी सेलूच्या ठेसनात पायजे. ती आगगाडी चुकली तर मुंबईची बोट चुकली, अन् बोट चुकली तर झालं, बसा मग तहसिलीत खर्डेघाशी करत!" उत्तरेश्वर पायातले बूट काढू लागला. विलायतेसाठी म्हणून औरंगाबादेहून आणवलेले बूट. अंगणात बैलगाडी जुंपून तयार होती. गाडीत पेटी होती, वळकटी होती. नव्हते ते फक्त पैसे; ते पेवातून काढायचे होते.

पलीकडे शहादेव उभा होता. उत्तरेश्वरचा थोरला भाऊ. बोलणार काय, कपाळ! पैसे पेवात नव्हतेच, आणि आख्ख्या गावात हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता ही भानगड झाली कशी, ते ऐका. उत्तरेश्वर माजलगावच्या तहसिलीत पेशकार, साहेबापुढं कागद मांडणारा कारकून. पुण्याला जाऊन बी. ए. झालेला, पोशाख शेरवानी, बोलणं उर्दू, साहेबाच्या मर्जीतला माणूस. दुसरा असता तर तिथंच पाय पसरून पेन्शनीची वाट पाहत बसला असता. पण मध्ये एका साली ढोरांत बुळकांडीची साथ आली. सिंदफणा नदीच्या काठानं गोठेच्या गोठे रिकामे झाले. शहादेवच्या मांडीवर मान टाकून त्याच्या बैलानं जीव सोडला, तेव्हा हा पेशकार दारात नुसता उभा होता. थोरल्या भावाला असं पोरासारखं रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून एकच ध्यास: विलायतेला जायचं, जनावरांच्या डॉक्टरीचं शिक्षण घ्यायचं. लोक हसले. ढोरांचा डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडून जायचं, अन् तेही हातची सरकारी नोकरी सोडून! हसेनात का. त्यानं पगारातून मागं टाकलं, बायकोनं, सत्यभामेनं, हातातल्या पाटल्या काढून दिल्या, आणि सगळ्याचे इंग्रजी कलदार रुपये करून आणले. एडिंबराच्या कॉलेजातून होकारही आला.

चैत्रात आसपासच्या गावांत दरोडे पडू लागले, तेव्हा शहादेवच म्हणाला, "पेवात ठिवू. तिथं चोराचा बाप बी उतरत न्हाई." कलदारांनी भरलेला कसा, पैशांची कापडी पिशवी, कमरेला बांधून तो सगळ्यांदेखत पेवात उतरला. आणि बंडीच्या आत तसाच बांधलेला कसा घेऊन परत वर आला. रात्री तो त्यानं गोठ्यात गव्हाणीखाली पुरला.

चोरी म्हणून नव्हे हो. एका पैशाला त्यानं हात लावला असता तर हात झडला असता. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. बाप एका मुकदम्यासाठी मोमिनाबादेला गेला तो पटकीनं तिकडंच गेला. आई त्याच साली गेली. मिसरूड फुटायच्या आत त्यानं धाकट्याला खांद्यावर घेऊन वाढवलं. पुढं त्याची स्वतःची बायको गेली, पोर ना बाळ. आता हा निघाला सातासमुद्रापलीकडं, आणि सत्यभामा जाणार माहेरी नेकनूरला. घरात मागं राहायचं कुणी? शहादेव आणि चार खुंट्या. पैसे वेळेवर सापडले नाहीत की बोट जाईल, बोट गेली की हे खूळ जाईल, एवढाच त्याचा हिशेब. म्हणून तर आठवडाभर तो पेव उघडू देत नव्हता. एकदा म्हणाला अवस आहे, एकदा म्हणाला आभाळ आलंय, ज्वारी भिजेल.

कंदील विझेल, हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं.

उत्तरेश्वरनं दोरी कमरेला बांधली. "गपकन उतरतो, कसा घेतो, वर येतो. श्वास धरून."

"वेड लागलं का तुला बे?" हरिबा ओरडला. "आवो शहादेवदादा, सांगा की त्याला!"

पैसे कुठं आहेत ते शहादेवनं सांगावं? हरिबासमोर? पदर तोंडाशी धरून ओट्यावर उभ्या असलेल्या सत्यभामेसमोर? आपल्याच भावाच्या पैशावर डल्ला मारला म्हणून उद्या गावभर होईल. तोवर उत्तरेश्वरनं पेवाच्या तोंडात पाय सोडलेसुद्धा.

शहादेवनं त्याला दंडाला धरून मागं खेचलं. "थोरला जिता असताना तू उतरतोस का? आपल्या घरची चाल हाय. पेवात पैल्यांदा थोरल्यानं उतरायचं."

"दादा, चाल कसली घिऊन बसलास आता?"

"सोड दोरी."

आणि ती आपल्या कमरेला बांधून तो उतरला. पैशांचा कसा गावला नाही म्हणून सांगायचं, ज्वारी उपसावी लागेल म्हणायचं, की झालं. ज्वारी उपसण्यात दोन दिवस सहज जातील. आत आंबूस, गरम वास होता. पाय ज्वारीत घोट्याच्या वर रुतले. लगेच वर आलो तर कुणाला पटायचं नाही, शोधतोय असं तर वाटलं पाहिजे, म्हणून हा शहाणा श्वास कोंडून दोन्ही हातांनी ज्वारी उकरू लागला. जे तिथं नाही हे पक्कं ठाऊक, तेच शोधू लागला! छाती फुटायला आली तेव्हा त्यानं तोंड उघडलं. वरचा उजेडाचा गोल लांब लांब गेला.

शुद्ध आली तेव्हा तो अंगणात पालथा होता. हरिबा पाठ चोळत होता. उत्तरेश्वरनं त्याला उताणं करून डोकं मांडीवर घेतलं आणि हा एवढा मोठा पेशकार ढसाढसा रडू लागला.

"मला न्हाई जायचं, दादा. आग लागो त्या विलायतेला. तू गेला असतास की रे आत्ता! मी न्हाई जात. हरिबा, बैल सोड."

सत्यभामा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "जीव वाचला, बास झालं, भावजी," ती म्हणाली, आणि तांब्या ठेवून गाडीतली वळकटी काढायला गेली.

म्हणजे जिंकलाच की शहादेव! हवं होतं ते सगळं हातात आलं, वर धाकट्याची मायाही मिळाली. आता फक्त गप्प पडून राहायचं होतं. उत्तरेश्वरचे बूट पेवाशी तसेच पडले होते. हरिबानं एका बैलाच्या मानेखालचा जूचा पट्टा सोडला. शहादेवनं डोळे मिटले. मिटले तर भाऊ वरून त्याच्या तोंडावर उपरण्यानं वारा घालत होता, आणि ते काही त्याला सोसवेना.

"हरिबा," तो खोकत उठून बसला. "बैल ऱ्हाऊ दे."

"कावून?" हरिबाला कारण कळेना.

"कसा पेवात न्हाई. गव्हाणीखाली हाय. म्याच पुरला, चैतात."

मग उत्तरेश्वरनं हातातलं उपरणं खाली ठेवलं.

"कावून, दादा?"

"तू गेला असतास."

उत्तरेश्वर उठला. गोठ्यात कुदळीचे घाव ऐकू आले. सत्यभामेनं वळकटी परत गाडीत टाकली. शहादेवकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. उत्तरेश्वर बाहेर आला तो मातीचे हात घेऊन. त्यानं कसा बंडीखाली बांधला, बूट घातले. सत्यभामेनं त्याच्या हातावर दही ठेवलं, ते खाल्लं. देवाच्या पाया पडला. थोरल्याच्या पडला नाही, आणि गाडीत जाऊन बसला.

हरिबा पुढं बसून कासरा हातात घेणार, तेवढ्यात गाडीतून उत्तरेश्वरचा आवाज आला, "हरिबा, उतर. दादा हाकंल."

"आरं, त्यांना उभं ऱ्हावंना..."

"दादाच हाकंल."

शहादेव उठला. चाकाला धरून गाडीवर चढला. गाव मागं पडलं, सिंदफणेचा उतार आला, पलीकडचा चढ आला. शहादेवला तोंड मागं वळवायचा धीर होत नव्हता. त्याच्या मुठीत कासरा आवळलेला होता आणि बैल रमतगमत चालले होते.

"दादा," मागून उत्तरेश्वर हळू म्हणाला, "गाडी चुकंल."

"व्हय," शहादेव म्हणाला. त्यानं कासरा सैल सोडला आणि बैलांना हाक दिली.